शेवटच्या बाकाची नजर

आषाढ उतरणीला लागला की हमरापूरच्या रस्त्यावर रंगाचा वास पावसाच्या वासाला मागं सारतो. घराघरांच्या पडव्यांना प्लास्टिकचे जाड कागद टांगलेले असतात, आत मोठाले दिवे जळत असतात, कुठं पंखे, कुठं रंगाच्या गनचा आवाज, आणि दिव्यांच्या उबेत ओळीनं बसलेले गणपती. अंगाचा रंग झालेला, पितांबर नेसवून झालेलं, सोंडेवरची शेडिंग वाळत आलेली. नसतात ते फक्त डोळे. नवख्या माणसाला हे दृश्य जरा गडबडवून टाकतं. मूर्ती ठरवायला आलेल्या एका बाईंनी तर माझ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन पाठ फिरवली होती. मला मात्र दर वर्षी एकच वाटतं, की वर्ग भरलाय, सगळे गप्प बसलेत आणि बाई यायच्यात.

त्या बाई म्हणजे मी. मूर्तीचे डोळे काढायच्या कामाला आमच्याकडं आखणी म्हणतात, आणि मी आखणी करते. साचा भरणारी, मूर्ती घासणारी, रंग मारणारी माणसं कारखान्याला मिळतात, आखणीला मिळत नाहीत. पापणीची रेघ जरा जाड झाली की देव चिडका दिसतो, जरा उतरली की पेंगुळलेला, आणि दोन बुबुळांत केसभर फरक पडला तर मग विचारूच नका. म्हणून आखणी करणाऱ्याची मजुरी वेगळी, मान वेगळा आणि चहाही आधी. माझा चहा गेली कित्येक वर्षं आधी येतो. हे मी फुशारकीनं सांगतेय असं कोणाला वाटत असेल तर त्यांना बरोबर वाटतंय.

त्याआधी मी चित्रकलेची शिक्षिका होते, रोह्याजवळच्या एका शाळेत. तासिका तत्त्वावर. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते सुखी आहेत. जूनमध्ये बोलावणं यायचं, एप्रिलमध्ये निरोप मिळायचा, मधल्या काळात जेवढे तास घेतले तेवढ्यांचं मानधन, तेही वाट बघायला लावून. दर जूनला मुख्याध्यापक म्हणायचे, यंदा जागा मंजूर होणार आहे, धीर धरा. मी धीर धरला. धीर धरण्यात मी एवढी तरबेज झाले की त्याची परीक्षा असती तर पहिली आले असते.

आणि चित्रकलेचा तास म्हणजे काय, तर बाकीच्यांनी उसना न्यायचा तास. सहामाही जवळ आली की गणिताचे सर दारात उभे राहून हसायचे. ते हसले की मी फळा पुसून द्यायची. मग शाळेचे सगळे फलक, प्रमाणपत्रांवरची नावं, स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी आणि पोषण आहाराच्या खोलीवरचा भाजीपाल्याचा तक्ता, हे सगळं माझ्याकडं. रोजचा सुविचार तर मी इतकी वर्षं लिहिला की पट्टीशिवाय सरळ रेघ मारायची सवय हाताला लागली. पुढं माझं पोट त्या हातावर भरेल, हे तेव्हा सुविचारालाही ठाऊक नव्हतं.

पोरांची चित्रं मात्र मला मनापासून आवडायची. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नदीत एक होडी. रोह्याच्या पोरांनी आयुष्यभर कुंडलिका नदी पाहिलेली, तरी चित्रातली नदी निळीच. मी त्यांना खिडकीपाशी नेऊन विचारायची, बघा बरं, पाणी कसलं दिसतंय. मग एखादी मुलगी भीतभीत मातकट रंग उचलायची, आणि तो तास माझा व्हायचा. असे तास मिळाले मला. कमी मिळाले असंही म्हणणार नाही. शाळा वाईट होती म्हणून मी सोडली नाही.

मी पैशासाठी शाळा सोडली. हे वाक्य मी आता सहज उच्चारते, पण ऐकणाऱ्याचा चेहरा अजूनही बघण्यासारखा होतो. माणसं थोडा वेळ थांबतात. त्यांना वाटतं, पुढं आणखी काहीतरी येईल, कलेची ओढ, अंतरीची हाक, निदान मुख्याध्यापकांशी भांडण. काहीच येत नाही. वकील पैसे मिळवतो ते चालतं, डॉक्टर मिळवतो त्याचं कौतुक होतं, शिक्षिकेनं मात्र फळ्यावर सुविचार लिहून हवा खावी. माझ्या नवऱ्याची कंपनीतली नोकरी होती, शिफ्टची, कंत्राटावरची. रोह्याला लागूनच वरश्याला भाड्याच्या खोलीत आम्ही राहत होतो आणि मुलीला पुढं शिकायचं होतं. एवढी कारणं पुरेशी आहेत, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

वाट दाखवली ती नजीरभाईंनी. नजीरभाई रोह्याचेच. बरीच वर्षं कुवेतला गाडी चालवली, परत येऊन स्वतःचा टेम्पो घेतला. त्यांची रुखसार माझ्या वर्गात होती. स्नेहसंमेलनाला तिचं नाटक बघायला आले आणि नाटक सोडून मागचा पडदा बघत बसले. पडद्यावर मी एक मोठा मोर काढला होता. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी विचारलं, मॅडम, ह्या मोराचा डोळा तुम्हीच काढलाय काय? मी हो म्हटलं. ते म्हणाले, हंगामात मी हमरापूरचे गणपती भरतो, तिकडं आखणीला माणूस नाय म्हणून कारखानदार रडतात. तुमी एकदा येऊन बघा. मी हसण्यावारी नेलं. आठवडाभरानं मात्र त्यांना फोन केला.

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ही बातमी मी स्वतः जाऊन सांगितली. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज रोह्यात दुकानं चालवतात, बँकेत बसतात, आणि रस्त्यात आप्पा दिसले की सायकलवरून उतरावं तसे गाडीवरून उतरतात. मी चित्रकलेची का होईना शिक्षिका झाले, याचा त्यांना किती अभिमान होता ते ते कधी बोलले नाहीत, पण ओळख करून देताना माझ्या नावाआधी ‘आमची बाई’ म्हणायचे. त्या दिवशी ते झोपाळ्यावर बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं. झोपाळा थांबवला.

“शाळा सोडायची तर सोड. तुझं घर, तुझा संसार,” ते म्हणाले. “पण पैशासाठी शाळा सोडलेल्या हातानं डोळे काढलेला गणपती माझ्या घरात येणार नाही.”

आई आतून म्हणाली, अहो, असं बोलायचं नाय. आप्पांनी झोपाळा पुन्हा सुरू केला. मला राग आला आणि रडूही आलं, पण मी दोन्ही घेऊन निमूट वरश्याला परत आले. आमच्या सासरचा गणपती दिरांकडे गावी असतो, त्यामुळे माझा गणपती म्हणजे लहानपणापासून आप्पांकडचाच. दुर्वा निवडायला मी, मखराचे कागद कापायला मी. आता त्याच घरात माझ्या हातचं काम चालणार नव्हतं. नोकरी बदलण्याची ती खरी किंमत होती.

त्या वर्षीचा आषाढ-श्रावण मला असा आठवतो, की डोळे मिटले तरी रंगांसकट उभा राहतो. सकाळची रोह्याहून सुटणारी गाडी. नागोठण्यानंतर खिडकीतून येणारा ओला वारा. कासूला गाडी थांबली की दोन्ही बाजूंना पाणीच पाणी, लावणी झालेल्या भाताचा कोवळा हिरवा, बांधावर बगळे, आणि खाडीकडून येणारा खारट चिखलाचा वास. मी तो हिरवा रंग मनात कालवून बघायची. पिवळा जास्त, निळा अगदी नखभर. पेण गेलं की पुढचं स्टेशन हमरापूर. उतरताना माझ्या पिशवीत डबा, छत्री आणि झिरो नंबरचे ब्रश. शाळेत जाताना पिशवीत वह्या असायच्या. खांद्याला फरक लगेच कळला.

कारखाना वनितावहिनींचा. नवरा साचे आणि मालाचं बघायचा, पण कारखाना चालायचा वहिनींच्या आवाजावर. एका कानाला फोन, एका हातात रंगाचा डबा, आणि नजर चौफेर. त्या मला ‘बाई’ म्हणायच्या आणि ‘तुमी’. बाकीच्या बायकांना ‘गो’. मी गेले की बायकांच्या गप्पा थांबायच्या, कोणी पदर सारखा करायची, कोणी मांडी बदलून नीट बसायची. मास्तरणीचं हे भूत अंगावरून उतरायला वेळ लागला. पहिल्या दिवशी दुपारी मी सवयीनं विचारलं, सगळ्यांचं जेवण झालं का? आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, हो बाई. मग सगळ्याच हसल्या, मीही.

वहिनींच्या कारखान्यात एक रीत होती. कोपऱ्यात एक जुना लाकडी पाट भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. आखणी झालेली मूर्ती मखराच्या उंचीच्या टेबलावर ठेवायची, समोर पाट मांडायचा आणि वहिनी स्वतः त्या पाटावर पूजेला बसल्यासारख्या बसायच्या. मूर्तीनं त्यांच्याकडं बघितलं तर माल पास. बस, एवढीच तपासणी. दुसरं काही त्या बघायच्या नाहीत.

माझी पहिल्या पंधरवड्याची आखणी देखणी झाली होती. हे मी म्हणत नाही, कारखाना म्हणत होता. फोनच्या गडबडीत वहिनींची पाटावरची तपासणी मात्र त्या मालापुरती राहून गेली होती. रेघ स्वच्छ, बुबुळ टपोरं, त्यात प्रकाशाचा बारीक पांढरा ठिपका. मूर्ती भरायला आलेले नजीरभाई एकेक गणपती टेम्पोत चढवत होते. मधेच थांबले, टोपी मागं सरकवली आणि म्हणाले, “मॅडम, राग नको. पण तुमचे सगळे बाप्पा माझ्या टेम्पोच्या छपराकडं बघतायत.”

मला वाटलं, चेष्टा करतात. वहिनींनी फोन बंद केला, एक मूर्ती टेबलावर ठेवायला लावली, पाट मांडला आणि बसल्या. बराच वेळ बसून राहिल्या. मग मान जरा वर केली, जरा डावीकडं, जरा उजवीकडं. उठून मागं गेल्या, आणखी मागं, पार दारातल्या प्लास्टिकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून हसायला लागल्या.

“बाई, ह्यो हितं बगतोय,” त्या दारातून म्हणाल्या. “मागच्या माणसाकडं. पुढं पूजेला बसलेल्याला ह्यो वळखतसुदा नाय.”

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. खरंच. गणपती थेट माझ्याकडं बघत होता. पाटावर जाऊन बसले, तर माझ्या डोक्यावरून पलीकडं. आणि त्या क्षणी मला ती नजर ओळखू आली. माझीच होती ती. वर्गात शिरल्यावर बाईंची नजर पहिल्या बाकावर कधी पडत नाही, कारण पहिल्या बाकावरची पोरं वही उघडून बसलेलीच असतात. नजर जाते थेट शेवटच्या बाकावर, तिथं काय चाललंय ते बघायला. इतकी वर्षं मी तशी बघत आले. हातानं तेच डोळे काढले. ओळीनं बसवलेले सगळे गणपती शेवटच्या बाकावर लक्ष ठेवून होते.

मला हसू फुटलं. शाळेत चूक म्हटली की आधी छातीत धस्स व्हायचं, इथं पहिल्यांदा चूक बघून हसले. वहिनींनी समजावलं ते थोडक्यात. घरचा माणूस खाली बसतो, देव वर बसतो, म्हणून पापणी जरा उतरवायची, बुबुळ जरा खाली टेकवायचं, की आरती करणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा माझ्याकडंच बघतोय. पुढचे दोन दिवस मी पाटावरच बसून आखणी शिकले. एक डोळा काढायचा, पाटावर बसायचं, बघायचं, पुन्हा उठायचं. गुडघे बोलायला लागले, पण हात वळला. टेम्पोतून उतरवलेल्या मूर्तींवर पांढरा फिरवून डोळे नव्यानं काढायचे ठरले.

त्यातल्या मोठ्या मूर्ती अजून पांढऱ्या व्हायच्या होत्या, तेवढ्यात अलिबागकडच्या एका मंडळाची पोरं मूर्ती बघायला आली. कार्यकर्ते म्हणजे घोळक्यानं येणार, सगळे एकदम बोलणार आणि कोणालाच काही पसंत पडणार नाही. ती पोरं पुढच्या मूर्ती बघत राहिली आणि त्यांच्यातला एक मात्र मागं, दाराशी भिजलेली छत्री झटकत उभा होता. तो तिथूनच ओरडला, ए, हा घ्या, हा बघ कसा आपल्याकडं बघतोय. सगळे मागं गेले, रांगेनं उभे राहिले, आणि ठरलंच. मंडपात लोक पाटावर बसत नाहीत ना. लांब रांगेत, मागं, माना उंचावून उभे असतात. त्यांना ही नजर हवी होती.

वहिनी धंद्यात पक्क्या. त्यांनी लगेच ठरवून टाकलं, घरगुतीला पाटाची नजर, मंडळाला बाईंची नजर. तेव्हापासून मी दोन्ही काढते. आता तर पेणच्या दुसऱ्या कारखान्यांतूनही मंडळाच्या मूर्तींसाठी निरोप येतात, ती शेवटच्या बाकाची नजर पाहिजे म्हणून. शाळेनं मला दिलेलं हे एकमेव कायमस्वरूपी पद. मंडळाची पोरं आली त्या दिवशी संध्याकाळी वहिनींनी चहाचा पेला माझ्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, “घे गो, गार होईल.” बाई गेल्या, तुमी गेलं. मी तो चहा सावकाश प्यायले.

श्रावण निम्मा झाला तेव्हा मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांना दुसरं कोणी मिळालं नव्हतं. म्हणाले, परत या, यंदा जागा नक्की मंजूर होणार आहे. माझ्या हातात ब्रश होता, समोर एक डोळा झालेली मूर्ती होती. एक डोळा काढून मूर्ती तशी सोडायची नाही, असा कारखान्यात नियम आहे. मी म्हटलं, सर, मला आता जमणार नाही, मनापासून आभार. ते म्हणाले, विचार करा, शिक्षकाला समाजात मान असतो. मी म्हटलं, असतो ना सर, मला माहीत आहे. फोन ठेवला आणि दुसरा डोळा काढला. हात जराही हलला नाही. घरी जाताना गाडीत मी त्या न हललेल्या हाताकडं बघत बसले आणि मला फार बरं वाटलं.

बरं वाटलं, पण पुरतं नाही. रोह्याला आप्पांच्या घरी त्या वर्षीची मूर्ती कुठून आणायची हे अजून ठरत नव्हतं. आईचा फोन यायचा, ती इकडचं तिकडचं बोलायची आणि तो विषय टाळायची. आप्पा फोनवर यायचे नाहीत. त्यांचे गुडघे त्या पावसात फार दुखत होते, एवढं आईकडून कळायचं. मी दिवसभर अनोळखी घरांसाठी डोळे काढायची. हा गणपती कोणाकडं बघेल, त्या घरात कोण बसेल, म्हातारं की लहान, काही माहीत नसायचं. आणि ज्या घरात कोण कुठं बसतं हे मला झोपेतही सांगता आलं असतं, तिथं माझी आखणी जाणार नव्हती.

मग एका दुपारी, पाऊस जरा उघडला होता, नजीरभाईंचा टेम्पो आला आणि पुढच्या सीटवरून आप्पा उतरले. धोतर, काळी टोपी, हातात काठी. मी ब्रश धरून बघतच राहिले. नजीरभाई माझ्याकडं न बघता दोऱ्या सोडत बसले, म्हणजे काही विचारू नका. आप्पांनी कोणाला नमस्कार केला नाही, ओळख सांगितली नाही. पूर्वी शाळा तपासायला साहेब यायचे आणि काही न बोलता वर्गाच्या मागं जाऊन बसायचे, तसे ते सरळ आत आले, दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि दोन्ही हात काठीवर ठेवून बसले. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी हलक्या आवाजात म्हटलं, आमचे आप्पा. वहिनींनी आप्पांचाही चहा आधी पाठवला.

मी काम सुरू ठेवलं. दुसरं काय करणार? तपासणी चालू असताना तास थांबवायचा नसतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. माझी पाठ त्यांच्याकडं होती. समोर रांगेत घरगुती मूर्ती, त्यांच्या मागं दोन-तीन मंडळाच्या, अजून डोळ्यांविना, आणि एक मधल्या आकाराची, एका सोसायटीसाठी लांबच्या नजरेनं केलेली. पाऊस पुन्हा लागला. पत्र्यावर आवाज वाढला. मी एकेका मूर्तीला पांढरा भरत होते, वाळू देत होते, बुबुळ ठेवत होते, श्वास धरून पापणीची रेघ ओढत होते. मागून खोकल्याचासुद्धा आवाज नाही. आप्पा गेले की काय असं वाटून मी एकदा वळून पाहिलं. ते होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होते.

काम संपलं तेव्हा ते काठी टेकत उठले. रांगेपाशी आले. कुठलीही वस्तू काठीनं दाखवायची सवय, तशी काठी उचलली आणि ती सोसायटीची मूर्ती दाखवली. “ही आपल्याकडे पाठव.”

मी म्हटलं, “आप्पा, ती मंडपाच्या नजरेची आहे. पाटावर बसलात तर तुमच्या डोक्यावरून बघेल. मी तुम्हाला घरची काढून देते.”

“मला कुठं आता पाटावर बसता येतं?” आप्पा म्हणाले. “यंदा पूजा तुझा नवरा करणार. मी मागं, दाराशी, खुर्चीवर.” काठी त्यांनी अजून खाली घेतली नव्हती. “दुपारपासून बघतोय. एवढ्या गर्दीत हा एकटाच माझ्याकडं बघत होता.”

वहिनींनी सोसायटीला दुसरी मूर्ती द्यायचं कबूल केलं. आप्पा टेम्पोत चढताना नजीरभाईंना म्हणाले, सावकाश न्या, आमच्या बाईचं काम आहे. मला ते ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं म्हणाले. शाळा सोडल्याबद्दल ते त्यानंतरही कधी एक शब्द बोलले नाहीत, ना बरा ना वाईट. मला त्याची गरज उरली नाही. त्या चतुर्थीला आरती झाल्यावर सगळे जेवायला आत गेले, आणि मी पाहिलं, आप्पा दाराजवळच्या खुर्चीवर एकटेच बसले होते आणि समोर मखरातून तो त्यांच्याकडं नीट बघत होता.

त्यानंतर दर वर्षी आप्पांकडचा गणपती माझ्याच हातचा. खुर्चीची उंची मला पाठ आहे. मधे मुलगी शिकून नोकरीला लागली, वरश्याला आम्ही स्वतःचं घर घेतलं, आणि आता चतुर्थीच्या आधीचे चार महिने मी हमरापुरातल्या मुलींना आखणी शिकवते. म्हणजे शाळा सुटली असं म्हणता येणार नाही, फक्त मानधन वेळेवर येतं, कारण ते मीच ठरवते. त्या मुली मला ‘बाई’ म्हणतात. वहिनींनी एकदा त्यांना टोकलं, बाई काय म्हणताय, ताई म्हणा. मी म्हटलं, असू दे, बाईच बरं. कमावलेलं आहे ते.

परवा आईचा फोन आला आणि तिनं तो आप्पांकडं दिला. हल्ली ते फोनवर फारसं बोलत नाहीत, धाप लागते. मी तब्येतीचं विचारायला लागले, तर त्यांनी मधेच थांबवलं. गिऱ्हाईक माप सांगतं तसं म्हणाले, “हे बघ, यंदा पलंग पुढच्या खोलीत आणलाय. मखरासमोरच. मी पडूनच असतो. उशा दोन घेतो. त्या हिशोबानं बघ.”

मी हो म्हटलं. फोन ठेवला. बाहेर पत्र्यावर पाऊस चालू होता आणि समोर आप्पांची मूर्ती डोळ्यांची वाट बघत बसली होती. मी ती मखराच्या उंचीच्या टेबलावर ठेवली. पाटाकडं हात गेला होता, तो मागं घेतला. प्लास्टरची रिकामी पोती घडी करून एकावर एक ठेवली, ओल्या जमिनीवर कागद अंथरला आणि त्या पोत्यांवर डोकं टेकून आडवी झाले. शिकणाऱ्या मुली ब्रश खाली ठेवून बघायला लागल्या. वहिनी धावत आल्या.

“काय झालं गो? बरं वाटत नाय काय?”

“बरं आहे वहिनी,” मी पडल्यापडल्या म्हटलं. “आप्पा कुठून बघणार ते बघतेय.”